चष्मेवाल्यांचं अस्सल नाणं

ही फजिती आता चष्मेवाले स्वतःच सांगत फिरतात. दुकानात चष्मा करायला आलेल्या गिऱ्हाइकाला आधी तक्त्यावरची बारीक अक्षरं वाचायला लावतात आणि मग, गिऱ्हाईक हलू शकत नाही हे हेरून, पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळी सांगतात. डोळे तपासणाऱ्या माणसाला डोळ्यांसमोरचं दिसलं नाही, हे ते असं रंगवून सांगतात की ऐकणाऱ्याला वाटावं, यात काहीतरी पराक्रमच होता.

तसे चष्मेवाले त्यांच्या वर्तुळात नावाजलेले होते. जुनी नाणी जमवणाऱ्यांचं एक मंडळ होतं, चाळीसेक माणसांचं, आणि त्यात त्यांचा दरारा होता. हल्ली जुनी नाणी ऑनलाइन लिलावात विकायला येतात, आणि त्यांतली निम्मी गेल्याच महिन्यात कोणीतरी ओतलेली असतात. फोटो बघून ती ओळखणं हा चष्मेवाल्यांचा हातखंडा. अक्षरांच्या कडा मऊ आहेत का, पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढे बुडबुडे आहेत का, काठावर साच्याची शिवण दिसते का, हे ते दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात बघून टाकायचे आणि मंडळाच्या ग्रुपवर एकच शब्द लिहायचे, "नकली." त्यापुढे कोणी वाद घालत नसे.

त्यांची एक खास पद्धत होती. चष्म्याच्या फ्रेमच्या खोक्याचं पुठ्ठं घेऊन त्याला त्यांनी मधोमध गोल भोक पाडलं होतं आणि ते कॉम्प्युटरच्या पडद्यावर चिकटवलं होतं. भोकातून फक्त नाण्याचा फोटो दिसायचा. विकणाऱ्याचं नाव, किंमत, नाण्याचं वर्णन, सगळं पुठ्ठ्याआड. "वर्णन म्हणजे विकणाऱ्याची बडबड," असं ते नव्या सभासदांना सांगायचे. "ती वाचली की डोळा बिघडतो. मी आजवर एकही वर्णन वाचलेलं नाही." हे सांगताना त्यांची मान जरा जास्तच ताठ व्हायची.

नव्यांना ते आणखी एक गोष्ट शिकवायचे. जुनं नाणं शंभर हातांतून फिरतं, पडतं, घासतं, आणि त्याला जो मार लागतो तो त्याचा एकट्याचा असतो. दोन वेगळ्या नाण्यांवर एकाच जागी हुबेहूब तीच खाच दिसली, तर समजायचं की निदान एक तरी साच्यात ओतलेलं आहे. "कदाचित दोन्ही," असं ते बोट वर करून पुढे म्हणायचे. हे बोट लक्षात ठेवा, ते पुढे त्यांच्याच डोळ्यात जाणार आहे.

चष्मेवाल्यांचा स्वतःचा संग्रह बेताचाच, पण त्यात एक नाणं असं होतं की त्याच्यापुढे बाकी सगळी पाणी भरतील. एका बाजूला राजाचा चेहरा, दुसऱ्या बाजूला शिडाचं गलबत. राजाच्या कानाखाली एक तिरपी खाच. हे त्यांना बाबांनी दिलेलं. बाबा दातांच्या दवाखान्यात कारागीर होते. कवळ्या आणि दातांच्या टोप्या बनवायचे. चष्मेवाले तेरा वर्षांचे असताना एका संध्याकाळी बाबांनी त्यांना मागच्या खोलीत बोलावलं, मुठीत नाणं ठेवलं आणि म्हणाले, "शेकडो वर्षांपूर्वीचं आहे. तुझ्याकडे ठेव. ताईला सांगू नकोस."

त्या एका वाक्यावर चष्मेवाल्यांनी त्रेचाळीस वर्षं काढली. ताई तीन वर्षांनी मोठी, वर्गात पहिली येणारी, गणितात पैकीच्या पैकी. चष्मेवाले कसेबसे पास होणारे. घरात कौतुक व्हायचं ते ताईचं. पण नाणं? नाणं बाबांनी त्यांना दिलं होतं. कुठेही कमी पडलं, कोणी टाकून बोललं, की ते मनातल्या मनात मूठ मिटून नाणं चाचपायचे आणि त्यांना बरं वाटायचं. ताईबद्दल मात्र मनात अपराधी वाटत राहायचं. म्हणून त्यांनी तिच्याकडून चष्म्याचा कधी एक पैसा घेतला नाही. फ्रेमसुद्धा चांगल्यातली द्यायचे.

बाबा अधूनमधून विचारायचे, "नाणं बघतोस ना रे नीट?"

"जिवापाड जपलंय बाबा. हातसुद्धा लावत नाही," चष्मेवाले अभिमानाने सांगायचे. आणि ते खरंच होतं. जगातल्या सगळ्या नाण्यांना ते भिंगाखाली घालायचे, पण बाबांचं नाणं पारदर्शक डबीत घालून, डबीला पट्टी चिकटवून लॉकरमध्ये ठेवलं होतं. बाबांनी दिलेलं नाणं कोणी तपासतं का? नऊ वर्षांपूर्वी, दवाखान्यातल्या शेवटच्या आठवड्यातही बाबांनी विचारलं होतं, "बघितलंस का रे ते नाणं?" चष्मेवाल्यांनी त्यांचा हात हातात घेऊन सांगितलं, "लॉकरमध्ये आहे बाबा, अगदी सुरक्षित." बाबांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "बरं. सावकाश."

बाबा गेल्यावर चष्मेवाले दरवर्षी ते नाणं मंडळाच्या प्रदर्शनात मांडू लागले. बंद डबीत, काचेच्या पेटीत, "अस्सल" अशा चिठ्ठीसह. तेव्हापासून ताईही त्या नाण्याचा विषय काढायला लागली. "बाळ्या, ते बाबांचं नाणं एकदा वजन करून बघ ना," असं म्हणायची. चष्मेवाल्यांना वाटायचं, हिला आता वाटणी हवी आहे. ते लगेच तिच्या चष्म्याच्या नंबरावर घसरायचे.

यंदाच्या प्रदर्शनाला मात्र वस्तुसंग्रहालयातून एक परीक्षक बाई येणार होत्या. त्या प्रत्येक नाणं पेटीतून बाहेर काढून, हातात घेऊन बघणार आणि उत्तम नाणं जाहीर करणार, असं निमंत्रणपत्रिकेवर छापलं होतं. चष्मेवाल्यांनी लॉकरमधून डबी आणून दुकानाच्या खणात ठेवली होती आणि रविवारची वाट बघत होते. ते निमंत्रण ताईलाही गेलं होतं. त्या आठवड्यात तिने अकरा वेळा फोन केला. चष्मेवाल्यांनी एकदाही उचलला नाही. रविवारनंतर बोलू, असं मनाशी म्हणाले, एकदा नाव जाहीर झालं की वाटणीचा विषयच संपेल.

बुधवारी सकाळी एक गिऱ्हाईक नाकावर तपासणीची जड फ्रेम घेऊन खुर्चीत बसलं होतं. डाव्या डोळ्यावर झाकण, उजव्या डोळ्यात भिंग. चष्मेवाले दुसरं भिंग आणायला म्हणून कॉम्प्युटरपाशी गेले आणि सवयीने पुठ्ठ्याच्या भोकातून लिलावाचं पान खाली सरकवलं.

भोकात राजाचा चेहरा आला. कानाखाली तिरपी खाच.

त्यांनी फोटो मोठा केला. तीच खाच, त्याच जागी, तेवढीच तिरपी. त्यांचं रक्त डोक्यात चढलं. त्यांच्या नाण्याचा साचा कोणीतरी घेतला होता! गेल्या प्रदर्शनात पेटीची किल्ली खजिनदाराकडे होती. त्याने, नाहीतर त्याच्या मेहुण्याने, नाहीतर... चष्मेवाल्यांनी दीड मिनिटात मंडळातल्या सहा माणसांवर मनातल्या मनात खटले भरले.

"पुढची ओळ वाचू का?" खुर्चीतून आवाज आला.

"वाचा, वाचा," चष्मेवाले म्हणाले आणि टाइप करायला लागले.

ग्रुपवर त्यांनी एवढं मोठं कधीच लिहिलं नव्हतं. आपल्या नाण्याचा फोटो आणि लिलावातला फोटो शेजारी शेजारी लावला. लिलावातल्या नाण्याची अक्षरं कशी मऊ आहेत, गलबताच्या शिडावर बुडबुडे कसे आहेत, काठावर शिवण कशी पुसट दिसते, हे सगळं बाण काढून दाखवलं. "हा विकणारा चोर आहे," असं लिहिलं. "माझ्या वडिलांच्या अस्सल नाण्यावरून याने हे पिल्लू ओतलं आहे. अशा माणसाला भर चौकात उभं करायला हवं." आणि शेवटी, हात शिवशिवत होते म्हणून, लिलाव कंपनीकडे फसवणुकीची तक्रारही ठोकून दिली. गिऱ्हाइकाला त्या दिवशी त्यांनी भलताच नंबर काढून दिला. ते बिचारं पायरीवर अडखळून परत आलं.

कौतुकाची वाट बघत ते चहा प्यायले. ग्रुपवर शुकशुकाट. चाळीस माणसांनी वाचलं होतं, पण एकानेही तोंड उघडलं नव्हतं. शेवटी मंडळाच्या अध्यक्षांचा फोन आला.

"काय म्हणता? कसं पकडलं?" चष्मेवाले म्हणाले.

"पकडलंत खरं," अध्यक्ष म्हणाले. मग जरा खाकरले. "तुम्ही वर्णन वाचलंत का?"

"मी वर्णन वाचत नाही, तुम्हाला माहीत आहे."

"हो, ते माहीत आहे. पण एकदा वाचा. आणि... बसून वाचा."

चष्मेवाल्यांनी पुठ्ठं काढलं. चार वर्षांत पहिल्यांदाच. पडद्यावर पुठ्ठ्याच्या चिकटपट्टीचे डाग राहिले होते आणि डागांच्या मधोमध लिहिलं होतं:

"हे नाणं नकली आहे. माझे वडील दातांच्या दवाखान्यात कवळ्या बनवायचे. त्यांच्या डॉक्टरांकडे एक खरं जुनं नाणं होतं. ते एका दिवसासाठी मागून आणून वडिलांनी त्याचा साचा घेतला आणि टोप्यांच्या धातूत दोन नाणी ओतली, एक मला आणि एक माझ्या धाकट्या भावाला. खाच मूळ नाण्यावरच होती. मला हे विकायचं नाही, म्हणून किंमत मुद्दाम अशी लावली आहे की कोणी घेणार नाही. माझा भाऊ फोन उचलत नाही, पण लिलावातलं प्रत्येक नाणं बघतो. बाळ्या, रविवारच्या आत एकदा वजन कर."

विकणाऱ्याचं नाव होतं, "बाळ्याची ताई".

चष्मेवाल्यांनी ते तीनदा वाचलं. मग ग्रुपवर स्वतः लिहिलेलं एकदा वाचलं. चोर, पिल्लू, भर चौक. सगळं जिथल्या तिथे होतं, बाणांसकट. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्यांना वाटलं. पण दुकानाची फरशी नवीनच बसवलेली होती. तेवढ्यात कंपनीचं उत्तर आलं. वस्तू नकली असल्याचं विकणाऱ्याने स्वतःच जाहीर केलं आहे, सबब तक्रार निकाली काढण्यात येत आहे.

त्यांनी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं आणि खणातून डबी काढली. अजूनही एक आशा होती. ताई गणितात हुशार, पण तिला नाण्यांतलं काय कळतं? त्यांनी डबीची पट्टी ब्लेडने कापली, नाणं बाहेर काढलं आणि काउंटरच्या काचेवर बोटभर उंचीवरून सोडलं. चांदीचं नाणं काचेवर पडलं की खणखणतं. हे "टक्" म्हणालं आणि गप्प बसलं. भिंग डोळ्याला लावायचीही गरज नव्हती, तरी त्यांनी लावलं. शिडावर बुडबुडे. काठावर शिवण. लिलावातल्या फोटोवर त्यांनी जिथे जिथे बाण काढले होते, तिथे तिथे सगळं होतं. दुसऱ्या कोणाचं असतं तर त्यांना चार सेकंद लागले असते.

"अहो, जेवायला येताय ना?" बायकोचा फोन आला.

"आपलं नाणं नकली आहे," चष्मेवाले म्हणाले.

"बाबांचं? ताईंनी सांगितलं वाटतं शेवटी," बायको म्हणाली.

"तुला माहीत होतं?"

"ताई म्हणाल्या होत्या, तुम्हाला सांगायचं नाही. तुम्ही ओळखायला हवं, असं बाबांचं म्हणणं होतं म्हणे. आता जेवून जा तिकडे. उपाशीपोटी भांडू नका."

भांडायचं त्राण चष्मेवाल्यांच्या अंगात नव्हतंच. ते जेवलेही नाहीत. मान खाली घालून ताईच्या घरी गेले. ताईने दार उघडलं. नाकावर त्यांनीच दिलेला फुकटचा चष्मा.

"ये, भर चौकात उभी राहू की आतच बसू?" ताई म्हणाली. ग्रुपवरचं एव्हाना तिच्यापर्यंतही पोचलं होतं.

"ताई, माफ कर. मी वर्णन वाचलं नव्हतं."

"बाळ्या, मी ते फक्त तुझ्यासाठी लिहिलं होतं. म्हटलं, एकटा वाचशील, जीभ चावशील, गुपचूप नाणं घरी ठेवशील. कोणाला कळणारही नाही. तू तर दवंडीच पिटलीस!" आणि ती हसायला लागली. तिला हसू आवरेना. चष्मा काढून डोळे पुसावे लागले. चष्मेवाले आधी ओशाळले, मग तेही हसले, आणि हसता हसता विचारलं, "तुला कधी कळलं?"

"मला? दिलं त्याच आठवड्यात. माझ्या हातून फरशीवर पडलं. आवाज भलताच आला. मग मी शाळेतल्या प्रयोगशाळेत नेऊन वजन केलं आणि बाबांना जाऊन म्हटलं, बाबा, हे खोटं आहे. असे खूश झाले! म्हणाले, शाबास, ओळखलंस. मलाही सांगितलं होतं ना, बाळ्याला सांगू नकोस म्हणून."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"बाबा म्हणाले, खेळ आहे हा. त्याचं त्याने ओळखायचं. तू सांगितलंस तर मजा गेली. एकदा वजन कर, एवढंच म्हणायची परवानगी होती मला." ताईचा आवाज जरा खाली आला. "त्यांना वाटलं होतं, महिना लागेल तुला. फार तर वर्ष. तू नाण्यांच्या नादाला लागलास तेव्हा तर मला म्हणाले, आता बघ, येईलच विचारायला. दर सुट्टीला म्हणायचे."

चष्मेवाल्यांना बाबांचं एकेक वाक्य आठवलं. बघितलंस का रे ते नाणं. नीट बघतोस ना. बरं, सावकाश. त्यांना वाटत होतं, बाबा नाण्याची काळजी करतायत. बाबा तीस-चौतीस वर्षं एका शब्दाची वाट बघत होते आणि हे त्यांना दर वेळी सांगत होते, हातसुद्धा लावत नाही. त्यांना रडू आलं. छप्पन्न वर्षांच्या माणसाला बहिणीच्या स्वयंपाकघरात येतं तसं, नाक ओढत, टेबलावरचा हात पुसायचा टॉवेल तोंडाला लावून.

ताईने त्यांना रडू दिलं. मग ती आत गेली आणि एक छोटी डबी घेऊन आली. दातांच्या टोप्या ठेवायची, बाबांच्या कामावरची. झाकणावर बाबांच्या अक्षरात लिहिलं होतं, "बाळ्याचं बक्षीस."

"ओळखेल त्या दिवशी दे, म्हणाले होते. मलाही असंच दिलं होतं," ताई म्हणाली.

चष्मेवाल्यांच्या मनात काय आलं, ते सांगायला त्यांना अजून लाज वाटते. त्यांना वाटलं, आत खरं नाणं असणार. डॉक्टरांनी शेवटी बाबांना देऊन टाकलं असणार. रविवार वाचला. इतकी शोभा होऊनही माणसाची हाव जात नाही ती नाहीच.

आत त्या काळचं रोजच्या व्यवहारातलं एक नाणं होतं. बाजारात चालायचं तसलं, साधं. खाली चिठ्ठी. "बाळ्या, शाबास. हे खरं आहे. तरी तपासून घे."

"तू तुझ्या बक्षिसाच्या नाण्याचं काय केलंस?" चष्मेवाल्यांनी विचारलं.

"त्याच दिवशी आइस्क्रीम खाल्लं. दोन कप आले," ताई म्हणाली.

रविवारी चष्मेवाल्यांनी पेटीत तीन नाणी मांडली. डबी नाही, पट्टी नाही. पहिल्या दोन नाण्यांखाली चिठ्ठी होती: "नकली. ओतणारे: आमचे बाबा. एक ताईने आठवड्यात ओळखलं, दुसरं मी त्रेचाळीस वर्षांत." मंडळी येऊन वाचत होती आणि इकडे तिकडे बघत होती. अध्यक्षांनी त्यांना हळूच बाजूला घेतलं आणि म्हणाले, "खरं सांगू? आम्हाला सहा-सात वर्षांपासून शंका होती. पण तुम्हाला सांगणार कोण?" चष्मेवाल्यांनी त्यांचा हात घट्ट दाबला आणि मनातल्या मनात खजिनदाराची आणि त्याच्या मेहुण्याची माफी मागितली.

परीक्षक बाई पेटीपाशी आल्या. दोन्ही नकली नाणी त्यांनी उलटसुलट करून बघितली आणि कारागिराचा हात फार सुबक आहे, असं म्हणाल्या. ताईने चष्मेवाल्यांना कोपराने ढोसलं. मग बाईंनी तिसरं नाणं उचललं. त्याच्या चिठ्ठीवर फक्त "अस्सल" एवढंच लिहिलं होतं. बाईंनी भिंग लावून बघितलं, काठ बघितला, पुन्हा चेहऱ्याची बाजू बघितली आणि गोंधळल्या.

"हे खरं आहे," त्या म्हणाल्या. "पण हे तर कधीच चलनातून गेलंय. आणि जुनंही नाही. याला आता बाजारात काहीच मिळणार नाही."

"माहीत आहे," चष्मेवाले म्हणाले. "मिळत होतं तेव्हा मी घ्यायला गेलो नाही."